सोसायटीच्या एसटीपीतले जिवाणू कसे सांभाळायचे: ठाण्यातल्या कमिट्यांसाठी कामाची माहिती

घोडबंदर रोडला मानपाड्यापासून कासारवडवलीपर्यंत जे टॉवर उभे राहिले, त्यातल्या बहुतेक मोठ्या संकुलांच्या बेसमेंटमध्ये एक एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट, आहे. २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेनुसार वीस हजार चौरस मीटर किंवा त्याहून जास्त बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते, आणि त्या मंजुरीसोबत सांडपाणी जागेवरच शुद्ध करायची अट येते. बिल्डर ताबा देताना लिफ्ट, जनरेटर आणि क्लबहाउसबरोबर हा प्लांटही सोसायटीच्या पदरात टाकून मोकळा होतो. मग कमिटी एएमसी, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचं कंत्राट, देते, दर महिन्याला बिल भरते आणि वास आला की ऑपरेटरला झापते.

प्लांटमध्ये गेलं की पंप, हवा फुंकणारा ब्लोअर, वाळूचा फिल्टर, कार्बनचा फिल्टर असं बरंच लोखंड दिसतं. घाण खाण्याचं काम त्यातलं एकही यंत्र करत नाही. ते काम एरेशन टँकमधला, म्हणजे हवा सोडतात त्या टाकीतला, तपकिरी गाळ करतो. त्या गाळाला हवा, वेळेवर आणि बेताचं खाणं मिळालं, आणि वाढलेला गाळ नियमाने काढला, तर पाणी आपोआप सुधारतं. गाळ बिघडला की पुढचे फिल्टर कितीही भारी असोत, दोन दिवसांत चोक होतात. पुढचं सगळं या गाळाबद्दलच आहे.

गाळात काय चालतं

आपल्या घरातून जाणाऱ्या पाण्यात मैला, अन्नाचे कण, तेल, साबण आणि लघवीतला युरिया असतो. पाण्यात विरघळलेलं सेंद्रिय द्रव्य जिवाणू खातात. साधारण निम्मं ते श्वासावाटे कार्बन डायऑक्साइड आणि पाणी करून टाकतात, उरलेल्यातून नवे जिवाणू तयार होतात. हे जिवाणू आपल्याभोवती चिकट द्रव्य सोडतात. त्यामुळे ते सुटे न राहता एकमेकांना धरून गुठळ्या करतात आणि पुढच्या टाकीत, म्हणजे सेटलरमध्ये, तळाला बसतात. गुठळीत न शिरलेले सुटे जिवाणू प्रोटोझोआ हे एकपेशीय जीव टिपून खातात. वरचं पाणी नितळ दिसतं ते या दोन गोष्टींमुळे.

दुसरी जमात नायट्रिफायरची. नायट्रोसोमोनास अमोनियाचं नायट्राइट करतो, नायट्रोबॅक्टर आणि नायट्रोस्पायरा त्याचं नायट्रेट करतात. सेंद्रिय द्रव्य खाणारे जिवाणू काही तासांत दुप्पट होतात, नायट्रिफायरना एखादा दिवस किंवा त्याहूनही जास्त वेळ लागतो. म्हणून प्लांट बिघडला की बीओडी, म्हणजे पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप, आठवड्याभरात सुधारतो, पण अमोनिया महिनाभर छळतो. शुद्ध करून फ्लशला वापरलेल्या पाण्याला लघवीसारखा उग्र वास येत असेल तर पहिला संशय इथे घ्यावा. एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजन मोडायला सुमारे ४.५७ ग्रॅम प्राणवायू लागतो आणि पाण्यातली सुमारे ७.१४ ग्रॅम क्षारताही, म्हणजे आम्लता सोसायची ताकद, खर्च होते. बोअरवेल आणि टँकरचं जड पाणी वापरणाऱ्या सोसायट्यांना क्षारतेची चिंता सहसा नसते. महापालिकेच्या मऊ पाण्यावर चालणाऱ्यांनी पीएच ६.५ च्या खाली जातो का, यावर लक्ष ठेवावं.

ही पद्धत एकशे दहाहून अधिक वर्षं जुनी आहे. १९१४ मध्ये मँचेस्टरला एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट यांनी बाटलीत सांडपाणी घेऊन त्यात हवा सोडली. पहिल्या वेळी अमोनिया पूर्ण मोडायला साधारण पाच आठवडे लागले. नंतर त्यांनी वरचं पाणी ओतून दिलं, तळाचा गाळ तसाच ठेवला आणि त्यावर ताजं सांडपाणी घातलं. असं करत गेल्यावर आठवड्यांचं काम तासांवर आलं. तोवर लोक गाळ फेकून देत, या दोघांनी तो राखून ठेवला. त्यांना हा मार्ग सुचवणारे गिल्बर्ट फाउलर पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक म्हणून आले, त्यामुळे आपल्याकडेही या विषयाचं काम फार लवकर सुरू झालं.

आधी कागदावर हिशेब करा

प्लांटमध्ये उतरण्याआधी चार आकडे काढा. समजा दोनशे फ्लॅट, घरटी चार माणसं, म्हणजे ८०० माणसं. माणशी १३५ लिटर पाणी धरलं तर दिवसाला १ लाख ८ हजार लिटर. त्यातलं सुमारे ८० टक्के सांडपाणी होतं, म्हणजे अंदाजे ८६ हजार लिटर, ऑपरेटरच्या भाषेत ८६ केएलडी (दिवसाला हजार लिटर म्हणजे एक केएलडी). एक माणूस दिवसाला साधारण २७ ग्रॅम बीओडी टाकतो, म्हणजे ८०० माणसांचं २१.६ किलो. हे जिवाणूंचं रोजचं खाणं.

आता टाकीतले जिवाणू. एरेशन टँक ५० घनमीटरचा आणि गाळाचं प्रमाण, म्हणजे एमएलएसएस, ३,५०० मिलिग्रॅम प्रति लिटर असेल तर टाकीत १७५ किलो कोरडा गाळ आहे. २१.६ भागिले १७५, म्हणजे ०.१२. एक किलो गाळाला दिवसाला १२० ग्रॅम खाणं. सोसायट्यांमध्ये चालणाऱ्या एक्स्टेंडेड एरेशन (जास्त वेळ हवा देण्याच्या) पद्धतीला ०.१ ते ०.१८ च्या आसपासचं प्रमाण मानवतं. तुमचे आकडे घालून पाहा. ताबा मिळून दोन वर्षं झाली आणि निम्मेच फ्लॅट भरलेत, अशा संकुलात हे प्रमाण ०.०६ वर येतं. तिथे जिवाणू उपाशी असतात आणि गाळ भुकटीसारखा होऊन पाण्याबरोबर वाहून जातो. अशा वेळी दोन एरेशन टँक असतील तर एक बंद ठेवणं हाच शहाणपणा.

याच वेळी प्लांट कोणत्या पद्धतीचा आहे तेही नक्की करा. एमबीबीआरमध्ये जिवाणू प्लॅस्टिकच्या छोट्या चकत्यांवर वाढतात, त्यामुळे पुढे सांगितलेली बरणीची चाचणी शुद्ध एमबीबीआरला जशीच्या तशी लागू होत नाही. तिथे चकतीवरचा थर पाहायचा: पातळ, तपकिरी आणि घट्ट बसलेला असावा. काळा आणि जाड थर दिसला तर हवा कमी पडतेय. एसबीआरमध्ये हवा देणं, बसवणं आणि वरचं पाणी काढणं एकाच टाकीत आळीपाळीने चालतं. नवी मुंबई महापालिकेची नेरूळ, वाशी, ऐरोली, कोपरखैरणे इथली मोठी केंद्रं याच तत्त्वावर चालतात. आकार वेगळा असला तरी गाळाचं गणित तेच.

आणखी एक गोष्ट, जी जवळपास प्रत्येक ठिकाणी चुकलेली असते. सकाळी सात ते दहा सगळा लोंढा एकदम येतो. तो साठवायला इक्वलायझेशन टँक आहे. पण ऑपरेटर फ्लोटवर, म्हणजे पाणी चढलं की आपोआप सुरू होणाऱ्या स्विचवर, पंप सोडून देतो, पंप तीन तासांत सगळं पुढे ढकलतो, सेटलर भरून वाहतो आणि रात्री जिवाणूंना खायला काही उरत नाही. फीड पंपाचा व्हॉल्व्ह कमी करून ८६ केएलडीचं पाणी वीस तासांत जाईल असं बसवा, म्हणजे तासाला सुमारे ४.३ घनमीटर. पहाटे पाच वाजता इक्वलायझेशन टँक जवळपास रिकामा दिसला पाहिजे. या एका बदलाला पैसे लागत नाहीत, आणि माझ्या मते निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

हवा

ब्लोअर हा प्लांटमधला सगळ्यात मोठा वीजखाऊ, म्हणून वार्षिक सभेत कुणीतरी हमखास सुचवतं की रात्री तो बंद ठेवा. याचा परिणाम नीट समजून घ्या. साडेतीन हजार एमएलएसएसचा गाळ तासाला लिटरमागे वीस ते चाळीस मिलिग्रॅम प्राणवायू वापरतो. टाकीत विरघळलेला प्राणवायू असतो फक्त दोन मिलिग्रॅम. म्हणजे ब्लोअर बंद झाल्यावर पाचेक मिनिटांत टाकी प्राणवायूविना. मग जिवाणू नायट्रेटमधला प्राणवायू ओढतात, आणि तोही संपला की सल्फेटची पाळी येते. त्यातून हायड्रोजन सल्फाइड तयार होतो, सडक्या अंड्याचा वास येतो आणि गाळ काळवंडतो.

अर्धा-पाऊण तास हवा बंद राहिली तर गाळाला काही होत नाही. उलट नायट्रेटचा नायट्रोजन वायू होऊन उडून जातो, थोडी क्षारताही परत मिळते. पण रात्री अकरा ते सकाळी सहा बंद म्हणजे नायट्रिफायरचा घात. विजेचं बिल कमी करायचं असेल तर रात्री टायमरवर ३० मिनिटं चालू, ३० मिनिटं बंद असं ठेवा, किंवा ब्लोअरला व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं यंत्र) बसवा. महावितरणची वीज गेली तर एक ब्लोअर जनरेटरवर येतो का, हे एकदा प्रत्यक्ष पाहून घ्या. कागदावर तो येतच असतो.

डीओ, म्हणजे विरघळलेला प्राणवायू, मोजायचा मीटर विकत घ्या, भाड्याने नको. टाकीच्या कोपऱ्यात, मध्यभागी आणि बाहेर पडण्याच्या तोंडाशी, पाण्याखाली दीड-दोन फुटांवर मोजा. लिटरमागे १.५ ते २ मिलिग्रॅम प्राणवायू असावा. सकाळी नऊला, म्हणजे लोंढ्याच्या वेळी मोजलेला आकडाच खरा. दुपारी तीनला सगळेच प्लांट पास होतात. पृष्ठभागावर एका जागी मोठमोठे बुडबुडे उकळत असतील तर तळाचा डिफ्यूझर (हवेचे बारीक बुडबुडे करणारा) फाटलाय. बारीक, सारखे बुडबुडे सगळीकडे दिसले पाहिजेत.

एक लिटरची बरणी

लॅबचा अहवाल आठवड्याने येतो. बरणी अर्ध्या तासात सांगते. या कामाला एसव्ही-थर्टी म्हणतात आणि ते रोज, एकाच वेळी, एकाच माणसाने करायचं.

एक लिटरचा, खुणा असलेला, रुंद मोजपात्राचा नळा घ्या. ब्लोअर चालू असताना एरेशन टँकच्या बाहेर पडण्याच्या तोंडाजवळून नमुना भरा. लगेच सपाट जागेवर ठेवा, उन्हात नको, ब्लोअरच्या थरथरणाऱ्या कठड्यावरही नको. मोबाइलवर तीस मिनिटांचा गजर लावा, पण पहिली पाच मिनिटं तिथून हलू नका, कारण खरी गोष्ट तिथेच दिसते.

चांगल्या गाळात पहिल्या मिनिटभरात गुठळ्या दिसू लागतात, दाणे एकमेकांना धरतात आणि एक आडवी कड तयार होऊन हळूहळू खाली सरकते. कड खाली जाताना तरंगते कण बरोबर ओढून नेते, म्हणून वर उरलेलं पाणी स्वच्छ दिसतं. पाच मिनिटांत थर साधारण ६०० मिलिलिटरच्या आसपास येतो आणि तीस मिनिटांत ३०० ते ४०० वर स्थिरावतो. रंग चहाच्या गडद काढ्यासारखा, वास ओल्या मातीचा.

आता बिघाड. पहिल्या दोन मिनिटांत गाळ दगडासारखा खाली गेला, पण वरच्या पाण्यात टाचणीच्या टोकाएवढे कण तरंगत राहिले, तर गाळ म्हातारा झालाय, खाणं कमी आणि वय जास्त. तीस मिनिटांनंतरही थर ८०० वर अडकला आणि वरचं थोडंसं पाणी मात्र काचेसारखं असेल तर दोन शक्यता: गाळ जास्त झालाय किंवा तंतुमय जिवाणू वाढलेत. कोणती ते ओळखायला दुसरा नळा घ्या. अर्धा गाळ आणि अर्धं शुद्ध झालेलं, क्लोरीन न घातलेलं पाणी मिसळून पुन्हा तीस मिनिटं ठेवा. पातळ केल्यावर झपकन बसला तर गाळ फार झालाय, काढा. पातळ करूनही तसाच फुगून राहिला तर तंतूंचा प्रश्न आहे आणि नुसता गाळ काढून तो सुटणार नाही.

नळा टाकून देऊ नका, आणखी दीड-दोन तास तसाच राहू द्या. बसलेला गाळ अख्खाच्या अख्खा वर तरंगून आला तर तो खराब नाही. नायट्रेटचा नायट्रोजन वायू बनून त्याचे बुडबुडे गाळाला उचलतायत. याचा अर्थ नायट्रिफिकेशन उत्तम चाललंय, पण सेटलरमध्ये गाळ जास्त वेळ पडून राहतोय. गाळ सेटलरमधून परत एरेशन टँकमध्ये आणणारा रिटर्न पंप वाढवा. पुष्कळ ऑपरेटर हे पाहून घाबरतात आणि उगाच ब्लीचिंग टाकतात.

महिन्यातून दोनदा लॅबकडून एमएलएसएस मोजून घ्या आणि एसव्हीआय, म्हणजे गाळ किती नीट बसतो याचा आकडा, काढा: एसव्ही-थर्टीचा आकडा गुणिले हजार, भागिले एमएलएसएस. ३५० मिलिलिटर आणि ३,५०० मिलिग्रॅम असेल तर १००. ८० ते १५० म्हणजे निर्धास्त, २०० च्या पुढे म्हणजे गाळ फुगलाय.

गाळ काढणं, जे कोणीच करत नाही

आपल्या उदाहरणातल्या प्लांटमध्ये रोज साधारण सात किलो कोरडा गाळ नव्याने तयार होतो. टाकीत १७५ किलो आहे. रोज सात काढले तर गाळाचं सरासरी वय २५ दिवस राहतं, जे या पद्धतीला आणि नायट्रिफायरना ठीक आहे. रिटर्न लाइनमधला गाळ साधारण एक टक्का घट्ट असतो, म्हणजे लिटरमागे दहा ग्रॅम. सात किलोसाठी रोज ७०० लिटर गाळ स्लज टँकमध्ये वळवायचा. एवढंच. आठवड्यातून एकदा पाच हजार लिटर काढण्यापेक्षा रोज ७०० काढलेले बरे.

गाळ दाबून पाणी काढणाऱ्या फिल्टर प्रेसमधून निघणाऱ्या केकमध्ये (घट्ट वडीत) सुमारे २० टक्के घन भाग असतो, म्हणजे रोज ३५ किलो ओला केक, महिन्याला टनभर. आता प्लांटमध्ये जाऊन गेल्या महिन्यात किती गोणी केक निघाला ते विचारा. उत्तर बहुतेक ‘आमच्याकडे गाळ तयारच होत नाही’ असं मिळेल. गाळाला प्लांटमधून जायला दोनच वाटा आहेत: प्रेसमधून किंवा पाण्यातून. प्रेस कोरडी पडली असेल तर तुमचा गाळ पावसाळी नाल्यातून खाडीकडे जातोय, आणि तीच ठाण्याची खाडी २०२२ पासून आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहे.

प्रेस न चालवण्याचं कारण आळस एवढंच नसतं. कापड धुणं हे घाणेरडं काम आहे, हातमोजे फाटके असतात, आणि पगार तेवढाच. कापडाचा दुसरा जोड आणि प्रेशर वॉशर घेऊन दिलं तर काम होतं. केक थेट बागेत टाकू नका, त्यात जंतांची अंडी असतात. पत्र्याखाली सुकवून, कोरड्या पाल्याबरोबर नीट कंपोस्ट करूनच वापरा. पावसाळ्यात केक सुकतच नाही, तेव्हा उचलणाऱ्या अधिकृत माणसाशी मे महिन्यातच बोलून ठेवा.

गाळ एकदम खूप काढू नका. वर्षभर काढला नाही म्हणून एका दिवसात निम्मा उपसला तर नायट्रिफायरही निम्मे गेले. रोजच्या प्रमाणाच्या दीडपट काढत महिन्याभरात खाली या.

फेस

पांढरा, हलका, साबणासारखा फेस: नवीन प्लांट, कमी गाळ किंवा डिटर्जंटचा जोर. गाळ वाढला की जातो. तपकिरी, जाड, साईसारखा चिवट फेस: गॉर्डोनिया किंवा मायक्रोथ्रिक्ससारखे तंतुमय जिवाणू. त्यांना तेल-तूप आवडतं आणि जुना गाळ मानवतो. फेस पाण्याच्या फवाऱ्याने मोडून परत टाकीत ढकलू नका, वरून काढून टाका. ऑइल-ग्रीस ट्रॅप साफ करा आणि गाळाचं वय कमी करा. अँटीफोमचं रसायन हा दोन दिवसांचा देखावा असतो.

काय ओतू नये, आणि कधी सावध राहावं

घरातला रोजचा फिनाइलचा झाकणभर डोस शेकडो घरांच्या पाण्यात विरून जातो, त्याने जिवाणू मरत नाहीत. घात होतो तो एकदम ओतण्याने. दिवाळीच्या आधी आठवडाभर सगळी घरं एकाच वेळी टाइल्सवर ॲसिड मारतात. पाण्याच्या टाक्या साफ करणारा ठेकेदार ब्लीचिंगचं पाणी ड्रेनेजमध्ये सोडतो, क्लबहाउसचा पूल रिकामा करताना क्लोरीनचं पाणी त्याच लाइनमध्ये जातं. पूल आणि टाक्यांचं पाणी आठवडाभर आधी ठरवून, क्लोरीन उतरल्यावर, हळूहळू सोडायला लावा. दिवाळीआधीच्या आठवड्यात कमिटीच्या ग्रुपवर एक साधा संदेश पुरतो.

मे महिन्यात निम्मी सोसायटी गावी जाते आणि खाणं अचानक कमी होतं. त्या वेळी गाळ काढणं थोडं कमी करा आणि हवा टायमरवर आणा. जुलैमध्ये प्रश्न उलटा असतो. चेंबरच्या झाकणांतून, पोडियमच्या पावसाळी पाइपांतून सांडपाण्याच्या लाइनमध्ये पाऊस शिरतो आणि गाळ धुऊन निघतो. जूनच्या आधी कोरड्या दिवशी पोडियमच्या जाळ्यांत बादलीभर रंगाचं पाणी ओता आणि एसटीपीत रंग येतो का ते बघा. आला तर ती जोडणी तोडा.

ओल्या वाइप्स आणि सॅनिटरी नॅपकिन जिवाणूंना पचत नाहीत, ते पंपच्या पंख्यात अडकतात. बार स्क्रीन दिवसातून दोनदा साफ करणं एवढाच त्यावर उपाय.

गाळ मेलाच तर

टाकी काळी पडली, गाळ वाहून गेला, अमोनिया जसाच्या तसा बाहेर येतोय: अशा वेळी विक्रेता कल्चरची, म्हणजे सुक्या जिवाणूंची, पावडर घेऊन हजर होतो. मी ती घ्यायचा सल्ला देत नाही. सांडपाण्यात मुळातच कोट्यवधी जिवाणू येत असतात, आणि टाकीतली परिस्थिती सुधारली नाही तर पाकिटातलेही टिकत नाहीत. शेण ओतण्याचा उपायही तसाच. शेणातले बहुतेक जिवाणू हवेविना जगणारे असतात आणि चोथा मात्र टाकीत राहतो. युरिया-डीएपीची तर गरजच नाही. जिवाणूंना बीओडी, नायट्रोजन आणि फॉस्फरस १०० ला ५ ला १ या प्रमाणात पुरतात आणि घरगुती सांडपाण्यात ते जास्तीच असतात.

दह्याला विरजण लागतं तसं इथे दुसऱ्या चांगल्या प्लांटचा जिवंत गाळ लागतो. शेजारच्या ज्या संकुलाचा एसव्हीआय १०० च्या आसपास आहे, त्यांच्याकडून दोन-तीन टँकर रिटर्न गाळ मागा. त्यांनाही तो काढायचाच असतो. टँकर आधी धुऊन घ्या आणि गाळ तास-दोन तासांत टाकीत पोहोचवा, रात्रभर टँकरमध्ये ठेवला तर तो मेलेलाच येईल. पहिले दोन-तीन दिवस निम्मं सांडपाणी सोडा, मग हळूहळू वाढवा. ठाण्यात सांडपाणी वर्षभर उबदार असतं, त्यामुळे थंड देशांसारखा हिवाळ्यात नायट्रिफिकेशन थांबण्याचा प्रश्न आपल्याला येत नाही. तीन-चार आठवड्यांत अमोनिया उतरायला हवा.

ऑपरेटरला थोडी आवड असेल तर शाळेत वापरतात तसा शंभर ते चारशे पटींचा सूक्ष्मदर्शक घेऊन द्या. दांड्यावर उभी राहणारी, घंटेसारखी व्होर्टिसेला भरपूर दिसली की गाळ तंदुरुस्त. सगळीकडे नुसते शेपटीवाले फ्लॅजेलेट पळत असतील तर गाळ कोवळा आहे किंवा नुकताच धक्का बसलाय. रोटिफर फार झाले तर गाळ म्हातारा. गुठळ्यांतून केसांसारखे तंतू बाहेर येऊन एकमेकांना पूल घालत असतील तर फुगण्याचं कारण सापडलं.

टाकीत कोणीही उतरायचं नाही

मे २०१९ मध्ये ढोकाळीतल्या एका सोसायटीच्या एसटीपीत साफसफाईला उतरलेल्या तीन कामगारांचा गुदमरून मृत्यू झाला. हे ज्या वायूमुळे होतं तो याच जिवाणूंनी बनवलेला असतो. हवा बंद, गाळ तळाला साचलेला, आणि कोणी तो ढवळला की अडकलेला हायड्रोजन सल्फाइड एकदम सुटतो. थोडा असताना सडक्या अंड्याचा वास येतो. शंभर पीपीएमच्या आसपास नाकच बधिर होतं आणि वास येणं थांबतं. माणसाला वाटतं वायू गेला. पाचशे-सातशेच्या पुढे काही मिनिटांत शुद्ध हरपते. एकाला वाचवायला दुसरा उतरतो आणि तोही जातो.

२०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवणं गुन्हा आहे, आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूसाठी भरपाई ३० लाख रुपये केली. सोसायटीने नियम सरळ करावा: साफसफाई सक्शन टँकरने, बाहेरून. डिफ्यूझर बदलायचे असतील तर ते वर उचलून काढता येतील असेच बसवून घ्या. उतरणं टाळताच येत नसेल तर प्रशिक्षित एजन्सी, गॅस मीटर, बाहेरून हवा पुरवणारा मास्क, कंबरेला दोर, वर दोन माणसं आणि सेक्रेटरीची लेखी परवानगी. तोंडाला रुमाल हे साधन नाही.

तपासणी आणि करार

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कन्सेंटमध्ये (परवानगीपत्रात) तुमच्या प्लांटची मर्यादा लिहिलेली असते, नव्या संकुलांत बीओडी बहुतेक वेळा १० मिलिग्रॅम. आपल्याकडे बीओडी २७ अंशांवर तीन दिवस मोजतात, म्हणून नमुना दिल्यावर लगेच दुसऱ्या दिवशी अहवाल आला तर त्यातला बीओडी मोजलेला नाही, लिहिलेला आहे. नमुना कमिटीतल्या कुणीतरी स्वतः, सकाळी नऊला, बर्फाच्या डब्यात भरून द्यावा. क्लोरीनचा डोस फिल्टरच्या पुढे, फ्लशच्या टाकीकडे जाताना द्या. वास लपवायला एरेशन टँकमध्ये क्लोरीन टाकणाऱ्याला तिथल्या तिथे थांबवा.

एएमसीच्या करारात ‘प्लांट सुरळीत चालवणे’ असं वाक्य असतं, त्याला काही अर्थ नसतो. त्याऐवजी हे लिहून घ्या: रोजचा एसव्ही-थर्टी आणि त्याचा वेळेसह फोटो, सकाळी नऊचा डीओ, रोज काढलेल्या गाळाचे लिटर, महिन्याला निघालेल्या केकचं वजन, फीड आणि आउटलेट मीटरचे आकडे. पंधरवड्याला एमएलएसएस, महिन्याला बीओडी आणि अमोनिया. केकच्या वजनाची पावती नसेल तर त्या महिन्याच्या बिलातला ठरावीक भाग रोखायचा, हेही कलम घाला. ठेकेदार आधी कुरकुर करतील, पण पुढच्या महिन्यात प्रेस चालू झालेली दिसेल.